पाण्यावरचं इंजिनीअरिंग

सुरुवातीलाच सांगते, मी कॉन्व्हेंटची. व्हायव्हात 'व्हिस्कॉसिटी' फाडफाड बोलते, पण मराठीत काय म्हणायचं विचारलं की ततपप होते. म्हणून लिहिण्याआधी आजीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, दाटपणा म्हण की! पिठलं दाट होतं ना, तसं." आणि माझा अर्धा लेख तिथेच झाला.

मुद्दा असा की आपली फ्लुइड मेकॅनिक्सची जवळजवळ सगळी प्रॅक्टिकल्स नळाच्या पाण्यावर होतात. आणि पाण्याइतकं शहाणं लिक्विड शोधून सापडणार नाही!

माझा सेमिनार एअरलिफ्ट बायोरिअ‍ॅक्टरवर होता. नाव भारदस्त, काम साधं. उंच टाकीत मधोमध एक नळी. तिच्यात खालून हवा सोडायची. बुडबुड्यांमुळे नळीतलं लिक्विड हलकं होऊन वर चढतं. वर हवा निसटते, लिक्विड पुन्हा जड होतं आणि नळीच्या बाहेरून खाली उतरतं. टाकीत ना पातं, ना शाफ्ट. त्यामुळे आत वाढणाऱ्या नाजूक पेशी चिरडत नाहीत.

पाण्यात हे झकास चालतं. पण बुरशी वाढवली की तिच्या धाग्यांनी लिक्विड दाट होत जातं. सॉसला दाटपणा देणारा झँथन गम तर जिवाणूच तयार करतात, म्हणजे माल जितका जास्त तितकी टाकी घट्ट! मग काय होतं?

मी आणि माझ्या रूममेटने करून पाहिलं. दोन लिटरची कापलेली बाटली, आत नळी, फिशटँकचा पंप. आधी पाणी भरलं, शाईचा थेंब टाकला, बघता बघता सगळं निळं. मग साड्यांना घालतात ती खळ शिजवून, गार करून भरली. बारीक बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे झाले आणि सुसाट वर पळाले. अगदी बारीक होते ते नळीबाहेर अडकून बसले. त्यामुळे बाहेरची बाजूही हलकी झाली आणि लिक्विड फिरवणारा वजनातला फरकच कमी झाला. शिवाय खळ हलवली तर सैल, स्वस्थ ठेवली तर घट्ट. आम्ही मेसमधून जेवून आलो तरी तळाच्या कोपऱ्यातली शाई जागची हलली नव्हती.

खऱ्या टाकीत त्या कोपऱ्यात जिवंत पेशी असतात. हवेतून पाण्यात विरघळून विरघळून ऑक्सिजन लिटरला जेमतेम ८ मिलिग्रॅम. तो सतत पोचला नाही तर त्या उपाशी. पिठलं ढवळलं नाही तर बुडाला लागतं, त्यातलाच प्रकार!

आता तुम्ही म्हणाल, हे केमिकलवाल्यांचं झेंगट. पण रंग, ग्रीस, सांडपाण्याचा गाळ, आपलं रक्त यातलं काहीच पाण्यासारखं वाहत नाही.

आणि हे शिकायला परदेशात जायला नको. कांदिवलीहून स्लो लोकल पकडली की माटुंगा रोड. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, १९३३ साली सुरू झालेली यूडीसीटी, म्हणजे आजची आयसीटी. तिथल्या प्रा. ज्येष्ठराज जोशी आणि प्रा. मनमोहन शर्मा यांनी १९७९ साली बबल कॉलममध्ये, म्हणजे एअरलिफ्टच्या सख्ख्या भावंडात, लिक्विड कसं गोल गोल फिरतं याचं मॉडेल मांडलं. जगभर ते वापरलं गेलं.

आणि आपण काय करतो? ऑरिफिसचा कोइफिशंट ०.६२ च्या आसपास यायला हवा हे आधीच माहीत असतं. मग ०.७४ आला की रीडिंग 'सुधारतो'. खोटं वाटत असेल तर स्वतःचं जर्नल उघडा. माझ्या जर्नलमध्येही तेच आहे.

म्हणून सरांना आणि मॅडमना एक विनंती. सेमिस्टरला एकच प्रॅक्टिकल दाट लिक्विडवर ठेवा. सिलॅबसबाहेरचं असलं तरी चालेल, मार्क नकोत. पंप तुंबेल, लॅबमधले काका वैतागतील हे मान्य. सफाई आम्ही करू. पण त्याचं उत्तर कुठल्याच सीनिअरच्या जर्नलमध्ये नसेल. जे दिसेल तेच लिहावं लागेल.

बघा, पटतंय का! तोपर्यंत आमची बाटली खोलीत आहे, पाहायला या. खळ मात्र येताना आपापली आणा.