ओळख शरीराची : डोळ्याचे दुसरे काम

मागच्या वेळी आपण कानाची माहिती घेतली. आज पाळी डोळ्याची. ‘डोळ्याचे काम काय?’ असे विचारले तर पहिलीतले मूलही ‘पाहणे’ असे सांगेल. उत्तर बरोबर आहे, पण अर्धेच. डोळ्याला आणखी एक काम आहे, आणि परीक्षेच्या दिवसांत घरोघरी होणाऱ्या एका वादाशी त्याचा जवळचा संबंध आहे.

तो वाद तुमच्या ओळखीचाच आहे. रात्री साडेअकराला आई म्हणते, “झोप आता.” तुम्ही म्हणता, “झोपच येत नाही.” सकाळी सहाला तीच आई हाका मारून थकते आणि आजोबा म्हणतात, “आम्ही पहाटे उठून अभ्यास करायचो!” यात खोटे कोणीच बोलत नाही. कसे, ते पाहू.

शरीरात निरोप पोचवण्याच्या दोन व्यवस्था आहेत. मज्जातंतूंचा निरोप फोनसारखा असतो, क्षणात आणि नेमक्या ठिकाणी जाणारा. हार्मोन, म्हणजे संप्रेरके, गावातल्या दवंडीसारखी असतात. ती रक्तात मिसळून सगळीकडे फिरतात, पण ज्या पेशींसाठी निरोप असतो त्याच कामाला लागतात. ही संप्रेरके तयार करणाऱ्या ग्रंथी आपला स्राव नळीवाटे न सोडता थेट रक्तात सोडतात, म्हणून त्यांना अंतःस्रावी ग्रंथी म्हणतात. मेंदूच्या तळाशी पीयूष ग्रंथी, गळ्यात थायरॉइड, दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ही त्यांतली काही नावे.

मेंदूच्या आत खोलवर अशीच एक तांदळाच्या दाण्याएवढी ग्रंथी आहे, पिनिअल. तिच्या संप्रेरकाचे नाव मेलाटोनिन. अमेरिकेतील येल विद्यापीठात अ‍ॅरन लर्नर यांनी १९५८ साली ते शोधून वेगळे केले. ‘रात्र झाली, आता विसाव्याची तयारी करा’ अशी दवंडी मेलाटोनिन पिटते. पहाटेकडे ते कमी होते आणि अधिवृक्क ग्रंथींचे कॉर्टिसॉल वाढून शरीर उठायच्या तयारीला लागते.

पण कवटीच्या आत अंधारात बसलेल्या या ग्रंथीला बाहेर रात्र झाल्याचे सांगते कोण? डोळा! डोळ्याच्या दृष्टिपटलावर पाहण्यासाठीच्या दोन प्रकारच्या पेशी आपण शाळेत शिकतो, दंडपेशी आणि शंकुपेशी. २००२ साली तिसऱ्या प्रकारच्या प्रकाशसंवेदी पेशींचा शोध जाहीर झाला. त्यांचे मुख्य काम चित्र दाखवण्याचे नाही, उजेड किती आहे ते मोजण्याचे आहे. निळसर उजेडाला त्या सर्वांत जास्त दाद देतात. त्यांचा निरोप मेंदूतल्या सुमारे २०,००० पेशींच्या एका पुंजक्याकडे जातो. हेच आपल्या शरीराचे मुख्य घड्याळ. ते पिनिअलला हुकूम देते.

याचा एक विलक्षण पुरावा १९९५ साली मिळाला. काहीही न दिसणाऱ्या ११ अंध व्यक्तींवर प्रखर प्रकाश टाकून त्यांच्या रक्तातले मेलाटोनिन मोजले गेले. त्यांपैकी तिघांमध्ये ते घटले. या तिघांपैकी दोघांचे डोळे झाकून पुन्हा प्रयोग केला, तेव्हा मात्र घटले नाही. म्हणजे दृष्टी गेली होती, तरी त्या डोळ्यांचे दुसरे काम चालूच होते!

आता आपल्या वादाकडे येऊ. वयात येताना मेलाटोनिन वाढण्याची वेळ मुळातच उशिराकडे सरकते. म्हणून ‘झोप येत नाही’ हे तुमचे म्हणणे निव्वळ बहाणा नसतो. आईबाबा, आजीआजोबांनो, ‘आळशी’ म्हणण्याआधी एवढे ध्यानात घ्या.

पण मुलांनो, पुढचा भाग तुमच्या हातात आहे. रात्री अकराला डोक्यावर पांढरी ट्यूबलाइट आणि नाकासमोर मोबाइल असला, की डोळा प्रामाणिकपणे आत कळवतो, ‘अजून उजेड आहे.’ दवंडी आणखी लांबते. त्यात रील आणि गप्पांनी मन जागे राहते ते वेगळेच. शाळेची वेळ मात्र सरकत नाही. तुमच्या वयाला ८ ते १० तास झोप लागते. वाढीचे संप्रेरक मुख्यतः गाढ झोपेत स्रवते आणि दिवसभर वाचलेले मेंदूत पक्के बसते तेही झोपेतच. जागून केलेला अभ्यास असा हातचा जातो.

उपाय बिनखर्चाचे आहेत. झोपण्याआधी तासभर घरातले मोठे दिवे मालवा, पिवळसर मंद दिवा ठेवा. मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा, आणि हा नियम आईबाबांनाही लागू! सकाळी उठल्यावर गच्चीत किंवा अंगणात पंधरा-वीस मिनिटे उजेडात राहा; सकाळचा उजेड घड्याळ पुढे सरकू देत नाही. सुट्टीच्या दिवशीही उठण्याची वेळ फार बदलू नका. मेलाटोनिनच्या गोळ्या मनाने घेऊ नका. काही आठवडे हे करूनही झोप लागत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा.

दिवेलागणीनंतर घर हळूहळू शांत होई, त्या काळी आजोबांच्या डोळ्यांना रात्र वेळेवर कळत होती. तुमच्या डोळ्यांना ती तुम्हीच कळवायची आहे. आठवडाभर करून पाहा आणि सकाळी आईला किती हाका माराव्या लागल्या ते मोजा.

पुढच्या वेळी भेटू नाकाला!