ताम्रपट आणि तबकडी

वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. दुसऱ्या विंध्यशक्तीचा चौथ्या शतकातील ताम्रपट १९३९ साली येथेच उजेडात आला. धातूत कोरलेली त्याची अक्षरे इतक्या शतकांनंतरही वाचता आली. घरातल्या लग्नाची किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनाची डीव्हीडी मात्र २०-२५ वर्षे तरी टिकेल काय?

विकत मिळणाऱ्या चित्रपटाच्या तबकडीत माहितीचे सूक्ष्म खळगे साच्याने उमटवलेले असतात. घरी वा स्टुडिओत भरलेल्या तबकडीत बहुधा सेंद्रिय रंगाचा थर असतो व लेझर किरण त्यावर खुणा करतो. ऊन, उष्णता व दमटपणा यांनी तो थर बिघडतो. आणि वाशीमचा उन्हाळा तर ४० अंशांपुढे जातो! शिवाय नव्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह बहुधा नसतोच.

चित्रपट पुन्हा मिळेल, स्नेहसंमेलन मिळणार नाही. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना घाई नको. हँडब्रेक फाइल लहान करते, पण चित्रातील काही तपशील कायमचा गाळून. आमचे मत असे, की प्रथम इम्गबर्नसारख्या साधनाने जशीच्या तशी आयएसओ प्रत काढावी. एकथरी तबकडीला फार तर ४.७ गिगाबाइट जागा लागते. ओरखडे असल्यास डीडीरेस्क्यू वापरावे. ते वाचता येणारा भाग आधी उतरवून घेते. लहान प्रत मागाहून केव्हाही करता येते.

प्रत शेवटपर्यंत चालवून पाहावी. एक हार्ड डिस्कवर घरी, दुसरी परगावी नातेवाइकांकडे ठेवावी. विद्यार्थी मित्रांनो, आजीचा आवाज असलेली तबकडी आधी शोधा!