गणिताला भाषा नसते?

‘गणिताला भाषा नसते’ हे वाक्य आपल्या महाविद्यालयांत सुभाषितासारखे उच्चारले जाते. गणिताचे प्राध्यापक ते अभिमानाने म्हणतात आणि आम्ही मराठीचे प्राध्यापक सुटकेच्या भावनेने मान डोलावतो. हा समज खोटा आहे आणि त्याची किंमत महाजालावरील मराठी मोजते आहे.

महाजालावर समीकरण देण्याची सोपी रीत म्हणजे त्याचे चित्र डकवणे. चित्र दिसते, पण त्यातली चूक वाचकाला दुरुस्त करता येत नाही, आणि सोबत वर्णन नसेल तर अंध विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर तिथे मुका होतो. मॅथएमएल ही खूणभाषा मात्र अंश कोणता, छेद कोणता, घातांक कुठे, ही रचनाच नोंदवते. १९९८ साली ती प्रमाण ठरली. जानेवारी २०२३ मध्ये क्रोमनेही तिला पुन्हा स्थान दिले. देवनागरी तिला वर्ज्य नाही. तेव्हा यंत्राकडे बोट दाखवण्याची सोय आता उरलेली नाही.

रचना नोंदवली की ती मोठ्याने वाचायची कशी, हा प्रश्न येतो, आणि ते सुभाषित इथेच कोसळते. ‘अ अधिक ब चा वर्ग’ यात वर्ग कोणाचा? एकट्या ‘ब’चा की संपूर्ण बेरजेचा? कागदावर कंस सांगतो. कानाला कोण सांगणार? ३/४ हे ‘तीन छेद चार’ केव्हा आणि ‘पाऊण’ केव्हा? हे प्रश्न गणिताचे नाहीत. ते मराठी वाक्यरचनेचे आहेत, म्हणजे आमचे आहेत. हिंदीसाठी असे वाचननियम लिहिले गेले आहेत. पण तिथला ‘बटा’ मराठी मुलाच्या कानाला परका आहे. अरबी भाषकांनी तर उजवीकडून डावीकडे जाणारी आपली समीकरणे २०१० च्या मॅथएमएल प्रमाणात समाविष्ट करून घेतली. त्यांना कोणी ‘गणिताला भाषा नसते’ असे सांगून गप्प बसवले नाही.

१९३७ साली आमच्या याच वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या शिक्षण परिषदेने मातृभाषेतून शिक्षणाचा ठराव केला. त्या शिक्षणातून गणित वगळलेले नव्हते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आम्ही विभागाविभागांतून सत्कार आणि व्याख्याने योजली. ज्या भाषेला साधा अपूर्णांक निःसंदिग्धपणे वाचून दाखवता येत नाही, तिच्या अभिजाततेचा उत्सव किती काळ पुरणार?

एम. ए.च्या प्रबंधिकांसाठी तेच ते विषय पुरे झाले. एखाद्या विद्यार्थ्याला मराठी सूत्रवाचनाचे नियम लिहायला द्यावेत. व्याकरणाची खरी परीक्षा तिथे होईल, आमचीही.