हिला खेळायला लावू नये

फराळाच्या ताटाशी बसलेल्या वाचकांपुढे मधुमेहाचा विषय काढणे म्हणजे मंगलाष्टके चालू असताना शिंकण्यासारखे आहे, हे मी जाणते. पण आज मी भांडायलाच बसले आहे. आणि माझे भांडण साखरेशी नाही, मुलींच्या आईबापांशी आहे.

मुलींच्या शाळेत मी पंचवीसएक वर्षे खेळ शिकवले. त्या काळात टाइप-१ मधुमेहाच्या ज्या थोड्या मुली माझ्या मैदानावर आल्या, त्यांतल्या बहुतेकींच्या हातात घरची चिठ्ठी असे : ‘हिला खेळायला लावू नये.’ कारण लिहिलेले नसे. कारण लिहायचे तर आजाराचे नाव लिहावे लागते, आणि नाव एकदा कागदावर आले की ते उद्या स्थळ सांगून येणाऱ्यांच्या कानी जाईल, ही खरी धास्ती. मुलगी आठवीत, आणि आईबाप तिच्या बोहल्यापाशी!

हा आजार गोड खाऊन होत नाही. शरीरच आपल्या स्वादुपिंडातल्या इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. १९२२ साली टोरोंटोत पहिल्यांदा रोग्याला इन्शुलिन टोचले गेले. त्यापूर्वी अशी मुले फार दिवस जगत नसत. आज ती शिकतात, नोकऱ्या करतात, संसार थाटतात. तेव्हा ‘पोर वाचली’ एवढ्यावर समाधान मानण्याचे दिवस संपले. ती साठीत आपल्या पायांवर उभी राहील का, हेही विचारले पाहिजे.

हाडांची पुंजी साठते ती पंचविशी-तिशीपर्यंत, आणि सर्वांत झपाट्याने ती वयात येताना. पुढे बाळंतपणे आली, अंगावर पाजणे आले, पाळी जाणे आले. सारा खर्च त्या पुंजीतून. हा आजार नेमका या कमाईच्या वर्षांत घरात शिरतो. इन्शुलिन हे नुसते साखर उतरवण्याचे औषध नव्हे. हाडे बांधणाऱ्या पेशींनाही ते लागते. ते कमी पडले की बांधकाम मंदावते. साखर चढली की लघवीवाटे कॅल्शियमही वाहून जाते. शिवाय हाडाला चिवटपणा देणारे जे तंतू, त्यांना साखर चिकटून ते ठिसूळ होतात. म्हणून घनता मोजणाऱ्या यंत्रात हाड बरे दिसले तरी ते बळकट असेलच असे नाही. या रोग्यांत खुब्याचे हाड मोडण्याचा धोका इतरांच्या कित्येक पट आहे, असे देशोदेशींच्या पाहण्यांत आढळले आहे. पण दवाखान्यात काय विचारतात? तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा. डोळे तपासतात, मूत्रपिंडे तपासतात. ‘पोरी, दोरीवरच्या उड्या मारतेस का?’ असे विचारणारा डॉक्टर मला अजून भेटायचा आहे.

आणि घरी? दुधात साखर असते म्हणून दूध बंद. अहो, असते तर मोजून द्या, आणि इन्शुलिन त्या हिशेबाने टोचा! प्रौढ बाईला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे, असे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. ते काय चहातल्या चमचाभर दुधातून येणार? शंभर ग्रॅम नाचणीत ते तीनशेहून अधिक मिलिग्रॅम असते. पण नाचणी पडली गरिबाघरची! रंग काळवंडेल म्हणून ऊन बंद. लग्नानंतर इन्शुलिनही न्हाणीघरात, चोरून. आणि घरात पाहुणे असले की एखादी सुई राहूनच जाते. रंग उजळ, आजार गुप्त, हाडे पोकळ, असे हे आपण तयार केलेले स्थळ!

हाड भाराने घट्ट होते. त्याला धावणे, उड्या, लंगडी, खो-खो हवा. कुणी म्हणेल, ‘मैदानात साखर उतरून पोर पडली तर?’ ही भीती खोटी नाही. पण म्हणूनच शिक्षिकेला सांगायला हवे. एका आईने मला सबंध पानभर लिहून दिले होते : आजाराचे नाव, सुईची वेळ, साखर उतरू लागली की मुलगी कशी चिडते, ओठ कसे पांढरे पडतात, खिशात ग्लुकोजची पुडी कुठल्या बाजूला आहे. ती मुलगी चार वर्षे माझ्या खो-खोच्या संघात होती. पुडी मोजक्या वेळा लागली, आणि लागली तेव्हा हाताशी होती.

एक गोष्ट राहिली. या मुलींत सिलिॲक हा गव्हाशी वैर असलेला आजार इतरांहून अधिक आढळतो, आणि त्यात खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही. त्याची रक्ततपासणी मागून घ्या. ‘ड’ जीवनसत्त्वाचीही घ्या. गहू सुटलाच तर ज्वारी, तांदूळ, नाचणी आहेत. भाकरी थापायला आपल्याला कुणी शिकवायला नको. मात्र तपासणीआधी गहू सोडू नका, नाहीतर आजार असूनही रक्तात त्याचा पत्ता लागायचा नाही.