बारावा गडी

फुटबॉलच्या संघात अकरा गडी असतात, हे शाळेतील लहान मुलासही ठाऊक असते. परंतु जाणकार लोक आणखी एका गड्याचा उल्लेख करतात. तो चेंडूला पाय लावीत नाही; तथापि त्याच्यावाचून संघ दुबळा होतो. हा बारावा गडी म्हणजे प्रेक्षक होय. आपल्या देशातील अनेक स्थानिक संघांना घरच्या मैदानावर नेमकी याच गड्याची उणीव भासते.

१ जून २०१८ रोजी मुंबईत अंधेरी येथील क्रीडांगणावर भारताने चिनी तैपेईचा ५–० असा पराभव केला. कर्णधार सुनील छेत्री याने त्यांपैकी ३ गोल केले. एवढा देखणा विजय पाहावयास जेमतेम अडीच हजार माणसे होती. आमच्यावर टीका करा, वाटल्यास बोल लावा, पण मैदानावर या, अशी कळकळीची विनंती छेत्रीने त्यानंतर देशबांधवांना केली. ४ जून रोजी त्याच मैदानावर केनियाशी सामना झाला, तेव्हा एकही तिकीट शिल्लक राहिले नाही. भर पावसात भिजत लोकांनी आपल्या संघाचा ३–० असा विजय पाहिला. छेत्रीचा तो शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता.

राष्ट्रीय संघाची ही स्थिती, मग नगरातील संघाची काय कथा! मुंबईचा महिंद्र युनायटेड हा संघ २००५–०६ मध्ये राष्ट्रीय लीगचा विजेता ठरला आणि २०१० मध्ये बंदही झाला. संघ बंद पडण्यास अनेक कारणे असतात. परंतु ज्याच्या पाठीशी सारे नगर उभे असते, तो संघ मोडताना चालकांना दहा वेळा विचार करावा लागतो. रिकाम्या आसनांसाठी कोण रदबदली करणार?

यावर कोणी म्हणेल की, परदेशातील उत्तमोत्तम सामने घरबसल्या दिसत असता गावातील कच्चा खेळ पाहावयास उन्हात का जावे? ‘पिकते तेथे विकत नाही’ ही म्हण येथे खरी ठरते. परंतु दूरच्या खेळाडूस आपली टाळी ऐकू जात नाही. जवळच्या खेळाडूचे बळ मात्र तिने वाढते. २०२० मध्ये महामारीमुळे जर्मनीत प्रेक्षकांवाचून सामने खेळविले गेले, तेव्हा घरच्या संघांचे विजय कमी झाल्याचे दिसून आले. मैदान तेच होते, खेळाडू तेच होते. नव्हता तो केवळ बारावा गडी.

दोष सर्वस्वी प्रेक्षकांचा आहे, असेही नव्हे. कामाच्या दिवशी भर दुपारी सामना ठेवावयाचा, बसावयास सावली नाही, प्यावयास पाणी नाही, आणि लोक येत नाहीत म्हणून खंत करावयाची, हे चालकांस शोभत नाही. पाहुण्यास बोलवावयाचे, तर अंगण झाडून ठेवले पाहिजे.

उलट कोल्हापूरकडे पाहावे. तेथील शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींचे संघ उतरतात, तेव्हा पेठाच्या पेठा लोटतात. कारण मैदानावरील पोरगा आपल्या गल्लीतला असतो. या उत्साहाला कधी कधी हाणामारीचे गालबोट लागते, हेही खरे. प्रेम असावे, पण प्रतिपक्षाच्या उत्तम गोलालाही टाळी देण्याइतके ते उदार असावे.

संघ जिंकू लागला म्हणजे गर्दी करणारे पुष्कळ असतात. खरा आधार लागतो तो पडत्या काळात. शेजारचा मुलगा गावाच्या संघातून खेळत असेल, तर त्याच्या पराभवाच्या दिवशीही मैदानाच्या कडेला चार ओळखीचे चेहरे दिसावेत. एवढे कर्तव्य विद्यार्थ्यांसही सहज पार पाडता येईल.