मान वाकडी झाली म्हणून माणूस खोटा ठरत नाही



आधी माझी चूक सांगतो, मग बाकीचं बोलतो.

दोन वर्षांपूर्वी दुबईतल्या आमच्या साइटवर एक स्टीलफिक्सर होता, आपल्या बीडकडचा. कॉलमच्या रिंगा बांधता बांधता मध्येच थांबायचा आणि हनुवटीला दोन बोटं लावून उभा राहायचा. डोकं जरा डावीकडे कललेलं. विचारलं की म्हणायचा, "साहेब, मान धरलीय, बोटं लावली की जरा बरं वाटतं." मला वाटलं कामचुकार आहे. चार लोकांसमोर बोललो, एकदा अर्धा दिवस गैरहजर मांडला. क्लिनिकमध्ये एक्स-रे काढला, त्यात काही निघालं नाही. मग तर माझी खात्रीच झाली. दोन महिन्यांनी तो राजीनामा देऊन गावी गेला.

गेल्या वर्षी माझी मान धरली. आधी वाटलं एसीखाली झोपलो म्हणून उसण भरली असेल. आठवडा गेला, महिना गेला. मान आपोआप उजवीकडे वळायला लागली. ड्रॉइंग समोर धरलं तरी डोकं बाजूला जायचं. मानेपासून खांद्यापर्यंत स्नायू दोरखंडासारखा ताठ, आणि दुखणं असं की जेवण जाईना. तीन डॉक्टर झाले, एक्स-रे झाला, एमआरआय झाला. सगळं साफ. चौथा डॉक्टर न्यूरॉलॉजिस्ट होता. त्याने विचारलं, "कुठे हात लावला की मान सैल होते का?" मी गालाला बोट लावून दाखवलं आणि त्याच क्षणी मला तो बीडचा पोरगा आठवला. त्याला हेच होतं की दुसरं काही, ते मला माहीत नाही. मी कधी नीट विचारलंच नाही.

माझ्या आजाराचं नाव सर्व्हायकल डिस्टोनिया. मेंदूकडून मानेच्या स्नायूंना चुकीचा हुकूम जातो आणि स्नायू आपल्या मर्जीविरुद्ध आखडतात. मान वळते, कलते, कधी थरथरते. दोष हाडात नसतो, म्हणून एक्स-रेत बहुतेक वेळा काही दिसत नाही. टेन्शन आलं, थकवा आला की वाढतं, झोपेत कमी होतं. हे संसर्गाने पसरत नाही, आणि करणीबिरणी तर नाहीच. गावाकडून उतारा टाकायचा निरोप येईल, पण पैसे डॉक्टरसाठी ठेवा.

प्रत्येक मानदुखी म्हणजे हा आजार नव्हे. बहुतेकांची मान वजन उचलून, वाकून, वर बघून काम करून धरते आणि काही दिवसांत सुटते. पण महिना झाला, मान एकाच बाजूला ओढली जातेय असं वाटलं, तर न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवा असं क्लिनिकच्या डॉक्टरला स्पष्ट सांगा. आणि हाताला मुंग्या येत असतील, हातापायातली ताकद जात असेल, मान आखडून ताप आला असेल किंवा पडल्यानंतर मान दुखत असेल, तर एक दिवसही थांबू नका, सरळ इमर्जन्सीत जा.

आता मुद्द्याचं. आपण हे दुखणं लपवतो का? कारण आपल्याला हिशोब कळतो. यूएईच्या 2021 च्या कामगार कायद्यात (33 नंबरचा, कलम 31) प्रोबेशन संपल्यावर वर्षाला 90 दिवसांपर्यंत आजारपणाची रजा आहे. पहिले 15 दिवस पूर्ण पगार, पुढचे 30 दिवस अर्धा, शेवटचे 45 दिवस शून्य. समजा पगार 1,200 दिरहम. म्हणजे 15 दिवसांचे 600, पुढच्या 30 दिवसांचे 600, आणि मग काही नाही. तीन महिन्यांत मिळून एका महिन्याचा पगार. ओव्हरटाइम गेला तो वेगळाच. घरी हप्ता थांबतो, शाळेची फी थांबते. म्हणून माणूस गोळी गिळून स्कॅफोल्डिंगवर चढतो. त्याला मूर्ख म्हणणं सोपं आहे, पण त्याला दोष देणं मला पटत नाही. ज्याच्याकडे 45 दिवस बिनपगारी खायची सोय नाही, त्याला ती रजा असून नसल्यासारखीच.

तरीही माझं म्हणणं आहे: लपवू नका, कागद करा. कारण लपवल्यावर जे आहे तेही हातचं जातं. आजारी पडल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कंपनीला कळवायचं आणि वैद्यकीय अहवाल द्यायचा, असं कायदा सांगतो. तोंडी सांगितलं की विसरलं जातं. व्हॉट्सॲपवर टाइमकीपरला आणि एचआरला दोघांना पाठवा, रिपोर्टचा फोटो जोडा, तारीख राहू द्या. न कळवता रूमवर पडून राहिलात तर तुम्ही आजारी नाही, गैरहजर ठरता. मीच मांडत होतो ना तसं.

दुखणं कामावरच्या अपघातातून आलं असेल, म्हणजे पडलात, डोक्यावर काही आदळलं, तर नियम वेगळा आहे. उपचाराचा खर्च कंपनीचा, आणि बरं होईपर्यंत सहा महिन्यांपर्यंत पूर्ण पगार, त्यानंतरही उपचार चालू असतील तर आणखी सहा महिन्यांपर्यंत अर्धा. म्हणून अपघाताची नोंद त्याच दिवशी करून घ्या. "किरकोळ आहे, राहू दे" असं कुणी म्हटलं तरी करून घ्या.

सौदीत आकडे वेगळे आहेत: 30 दिवस पूर्ण, 60 दिवस पाऊण पगार, 30 दिवस बिनपगारी. तुम्ही ज्या देशात आहात तिथला नियम आजच बघून ठेवा, आजारी पडल्यावर नाही.

आणखी एक. रजा चालू असताना कुणी राजीनाम्याचा कागद पुढे केला तर सही करू नका. 90 दिवस संपूनही कामावर येता आलं नाही, तर कंपनी नोकरी संपवू शकते, पण तुमचा सगळा हिशोब देऊन. आपणहून घाईत सही केली की पुढे भांडायला जागा उरत नाही. अडलात तर कामगार मंत्रालयाचा नंबर 600590000, आणि भारतीय दूतावासाच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा 80046342. हिंदीत बोललं तरी चालतं.

आता रूमवरचे दिवस. खरं सांगतो, दुखण्यापेक्षा ते जड गेले. पहाटे सगळे बसने जातात, तुम्ही बंकवर. दिवसभर मोबाइल खाली बघत पडलं की मान आणखी बिघडते. मला जे उपयोगी पडलं ते सांगतो. सगळ्यांबरोबर उठायचं, आंघोळ करायची. गरम टॉवेलचा शेक. बसताना डोक्याला मागून आधार, म्हणजे भिंतीला उशी लावायची. मोबाइल डोळ्यांसमोर धरायचा. फिजिओने दिलेले व्यायाम थोडे थोडे, पण रोज. ऊन उतरलं की कॅम्पभोवती एक चक्कर. आणि घरी खरा आकडा सांगायचा. मी पहिला महिना बायकोला सांगितलं नाही, मित्राकडून उसने घेऊन पाठवले. दुसऱ्या महिन्यात ते फेडायचे कुठून? शेवटी सांगितलं, तर ती म्हणाली, "आधी बोलला असता तर भिशी थोडी पुढे ढकलली असती." इतकं साधं होतं.

दोन गोष्टी अजिबात करू नका. एक, न्हाव्याकडे मानेला झटका देऊन कडकड करून घेऊ नका, आणि वाकडी मान कुणाकडून बळजबरीने सरळ करून घेऊ नका. दोन, गावाहून येणाऱ्या पोराच्या बॅगेतून गोळ्या मागवू नका. ट्रामाडॉल, कोडीन, प्रीगाबालिन, डायझेपाम ही आपल्याकडे दुखण्यावर किंवा स्नायू सैल व्हायला सर्रास लिहून देतात, पण इथे ती नियंत्रित औषधं आहेत. परवानगीशिवाय सापडली तर आणणारा तुरुंगात जाऊ शकतो. तुमच्या मानेपायी दुसऱ्याचा संसार कशाला उघड्यावर आणायचा? आणि डॉक्टरने दिलेल्या गोळीने गुंगी येत असेल तर उंचीवर चढू नका.

या आजारावर मुख्य इलाज म्हणजे आखडलेल्या स्नायूत बोटुलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन. काही दिवसांपासून दोन आठवड्यांत फरक पडायला लागतो, साधारण तीन महिने टिकतो, मग पुन्हा घ्यावं लागतं. कायमचा बरा होत नाही, पण काम करता येतं. माझ्या विमा कंपनीने पहिल्यांदा नकार दिला, कारण बोटॉक्स म्हटलं की त्यांना चेहऱ्याच्या सुरकुत्या आठवतात. न्यूरॉलॉजिस्टने आजाराचं नाव लिहून पत्र दिलं, पुन्हा अर्ज केला, मग मंजूर झालं. पहिल्या नकारावर गप्प बसू नका.

शेवटचं माझ्यासारख्यांसाठी, म्हणजे सुपरवायझर आणि फोरमन लोकांसाठी. मी 45 दिवसांनी परत कामावर आलो, कारण मला ऑफिसात बसून क्वांटिटी काढायचं काम मिळालं. शेवटचे 45 बिनपगारी दिवस माझ्या वाट्याला आलेच नाहीत. स्टीलफिक्सरला तसं काम कोण देतं? प्रत्येक साइटवर स्टोअर असतं, टूल रूम असते, गेटवर गाड्यांची नोंद असते. एका आजारी माणसाला दोन महिने तिथे बसवायला मुदीरची मनधरणी करावी लागते, एवढंच. ती आपण करू शकतो. कायदा बदलणं आपल्या हातात नाही, पण मस्टरवर काय मांडायचं आणि कुणाला कुठे उभं करायचं, हे रोज आपल्याच हातात असतं.

त्या बीडच्या पोराचा नंबर माझ्याकडे होता, तो आता लागत नाही. हे वाचून कुणाला तो ओळखीचा वाटला, तर त्याला न्यूरॉलॉजिस्टकडे जायला सांगा. आणि सुपरवायझरने माफी मागितलीय, तेही सांगा.