ओरडू द्या त्यांना!

‘बाईमाणसानं असं घसा फोडून गायचं, हे गाणं की भांडण?’ हार्ड रॉक गाणाऱ्या मुलींविषयीचा हा अभिप्राय वासण्यातल्या मराठी घरांत मी इतक्यांदा ऐकला आहे, की त्याला आता जाहीर उत्तर देणे भाग आहे.

निमित्त सांगते. आमच्या भागातल्या एका गणेशोत्सवात कॉलेजातल्या तीन मुलींनी गिटार, बास आणि ड्रम घेऊन स्वतः रचलेली मराठी गाणी म्हणण्याची परवानगी मागितली. मंडळाचे उत्तर आले, ‘भावगीत म्हणा, नाहीतर राहू द्या.’ आणि विसर्जनाच्या दिवशी त्याच मंडळाच्या डीजेने आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरवल्या! म्हणजे वावडे आवाजाचे नाही. तो आवाज मुलीचा असण्याचे आहे.

या मुलींचे दैवत म्हणजे ‘व्हॉइस ऑफ बासेप्रोत’. इंडोनेशियात पश्चिम जावामधल्या गारुतच्या, हिजाब घालणाऱ्या तिघीजणी. २०१४ साली शाळकरी वयात त्यांनी हा बँड उभा केला. मार्स्या गाते आणि गिटार वाजवते, विदी बास, सिती ड्रम. ‘बासेप्रोत’ हा त्यांच्या सुंदानी मातृभाषेतला शब्द. अर्थ, गोंगाट करणारी. जो शब्द ठपका म्हणून वापरावा, तोच त्यांनी नाव म्हणून मिरवला. २०२३ मध्ये त्यांचा ‘रेतास’ हा अल्बम आला. मुद्दाम खरखरीत केलेला गिटारचा स्वर, त्याखाली धडधडणारा बास, आणि गाता गाता गर्जनेवर जाणारा मुलीचा आवाज. एक गाणे सांगते, बाईचे शरीर ही सार्वजनिक मालमत्ता नाही. दुसरे चक्क देवाकडेच संगीत वाजवण्याची परवानगी मागते. धमक्या आल्या, तरी त्या थांबल्या नाहीत. २०२४ मध्ये इंग्लंडच्या ग्लॅस्टनबरी महोत्सवात वाजवणारा हा पहिला इंडोनेशियन बँड ठरला. हे भांडण असेल तर असो. भांडण्याजोगे कारण असताना गोड गळ्याने गाणे हाच खोटेपणा.

‘पण हे आपले नव्हे,’ असे म्हणणाऱ्यांना मी विचारते, पेटी तरी आपली होती का? ती युरोपातून आली आणि आज तिच्याशिवाय आपले भजन होत नाही. मौलाबक्षांच्या हाती १८८६ मध्ये संगीतशाळा सोपवणाऱ्या सयाजीरावांच्या या गावाचे नाव हिराबाई बडोदेकरांनी आडनावात मिरवले. रंगभूमीवर स्त्रीच्या भूमिका पुरुष करीत होते त्या काळात तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत त्या होत्या. ‘घरंदाज बाईने चारचौघांत गायचे?’ हा प्रश्न तेव्हाही होताच. पुढे १९७० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि प्रश्न विचारणारे विस्मृतीत गेले. हिराबाईंचा सूर मुलायम, या मुलींचा रांगडा. पण व्यासपीठाच्या मधोमध उभे राहण्याचा हक्क एकच. आमचे गुजराती शेजारी पाहा. पँट-शर्टात, वाद्यवृंदापुढे उभ्या राहून गरबा गाणाऱ्या फाल्गुनी पाठकांना त्यांनी डोक्यावर घेतले. तिथे कुणाची संस्कृती बुडाली नाही!

आता मुद्दा भाषेचा, आणि तो या अंकाच्या प्रत्येक वाचकाचा आहे. तो बेळगावात असो, बिदरात असो की बडोद्यात. आपल्या मुलांचे शिक्षण एका भाषेत, बाजार दुसरीत, आणि मराठी उरते आरतीपुरती, आजीपुरती. प्रेम हिंदीत, राग इंग्रजीत! ज्या भाषेत मुलांना ओरडता येत नाही, त्या भाषेत ती फार काळ बोलणारही नाहीत. गारुतच्या मुली इंग्रजी आणि इंडोनेशियन यांबरोबर सुंदानीतही गर्जतात. आमच्या वासण्याच्या मुलींनी तर सगळीच गाणी मराठीत रचली होती, आणि आपण त्यांनाच दार लावले! मराठी टिकवण्याची भाषणे ठोकणाऱ्यांनी याचा हिशेब द्यावा.

गोंधळ्याचे संबळ, शाहिराचा डफ, फडावरची ढोलकी हे काय कुजबुजीचे प्रकार आहेत? मराठीचा घसा मुळात मोठाच आहे. तेव्हा मंडळाच्या कार्यकर्त्यांना माझे सांगणे एवढेच: पुढच्या गणेशोत्सवात या मुलींना वीस मिनिटे द्या. ज्यांना सोसणार नाही त्यांनी कानात कापूस घालावा. डीजेच्या वेळी तरी आपण दुसरे काय करतो?